जोडीदाराच्या अधूनमधून चालवायच्या सायकलसाठी माफक किमतीची चाके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एकाला सायकलिंगचा नाद असतो आणि दुसऱ्याची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी असते. महिन्यातून दोन-तीन रविवारी ती बाहेर निघते, पाषाण तलावापर्यंत किंवा फार तर खडकवासल्यापर्यंत जाते आणि पुन्हा जागेवर येऊन थांबते. अशा सायकलचे चाक बिघडले, की नाद असलेला जोडीदार स्वतःच्या सायकलच्या मापाने विचार करू लागतो आणि नको तेथे पैसे घालतो. पत्नीच्या सायकलच्या बाबतीत मीही प्रथम तसेच केले होते. पुढील उत्तरे मुख्यतः ७०० सी मापाची, गीअरची हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन यांच्या मधल्या प्रकारची सायकल समोर ठेवून लिहिली आहेत. जुन्या लेडीज सायकलसाठी वेगळा प्रश्न घेतला आहे.

चाके बदलण्याची खरोखरच गरज आहे, हे कसे ओळखावे?

बऱ्याचदा गरज नसते. चाक उचलून हाताने फिरवावे आणि ब्रेकच्या रबरापाशी रिम किती डुलते ते पाहावे. दोन-तीन मिलिमीटरचा आउट चांगला मिस्त्री थोड्या वेळात काढून देतो. एखादा स्पोक तुटला असेल तर तेवढाच बदलता येतो, आणि चाक फिरताना खरखर येत असेल तर हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडून छर्रे बदलून नवे ग्रीस भरल्यावर ते अनेकदा पूर्ववत होते.

चाक बदलावे असे मी पुढील परिस्थितीतच म्हणेन : खड्ड्यात आदळून रिमच्या कडेला खोल पोचा पडला आहे; स्पोकच्या भोकांभोवती बारीक चिरा दिसतात; ब्रेक घासून रिमची बाजू आतल्या बाजूला खोलगट झाली आहे; किंवा महिन्या-दोन महिन्यांनी एक याप्रमाणे स्पोक तुटतच आहेत. शेवटच्या प्रकारात मात्र दोष रिमचा नसून बांधणीचा असतो, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

अधूनमधून वापरायच्या सायकलला किती दर्जाची चाके पुरेशी असतात?

दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम, ३२ किंवा ३६ स्पोक, साधा परंतु उघडून दुरुस्त करता येईल असा हब, आणि गंज न धरणारे १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटर जाडीचे स्पोक एवढे असले की पुरे. दुहेरी भिंत म्हणजे रिमचा आडवा छेद घेतल्यास आत पोकळी दिसते. एकेरी भिंतीच्या रिमपेक्षा ती खड्ड्यांना कितीतरी चांगली टिकते आणि किमतीतला फरक फार नसतो. मागे मुलाची सीट लावायची असेल किंवा चालवणाऱ्याचे वजन जास्त असेल, तर मागच्या चाकाला ३६ स्पोकच घ्यावेत. मागच्या चाकावर पुढच्यापेक्षा जास्त भार येतो, त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर ते मागच्या चाकात घालावेत.

आठवड्यातून सहा दिवस उभ्या राहणाऱ्या सायकलचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा, विशेषतः जून ते सप्टेंबर. त्यामुळे वजनापेक्षा गंज न धरणे हा निकष आधी लावावा. स्पोक स्टेनलेस आहेत का, हे पाहण्यासाठी काही जण लोहचुंबक लावतात. परंतु तार ओढून बारीक करताना स्टेनलेस पोलादही थोडे चुंबकाला चिकटू लागते, म्हणून त्या परीक्षेवर विसंबू नये.

नेमके माप कसे ओळखावे? टायरवर दोन-तीन प्रकारचे आकडे लिहिलेले असतात.

इंचांवर कधीही विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूवर ३७-६२२ किंवा ४०-६२२ असा जोडआकडा कोरलेला असतो, तोच खरा. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा आकडा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगतो. ७०० सी म्हणजे ६२२. माउंटन सायकलचे २९ इंच म्हणजेही ६२२च, कारण दोघांत फरक टायरच्या जाडीचा आहे. २७.५ इंच म्हणजे ५८४. खरा घोटाळा २६ इंचांत होतो : माउंटन सायकलचे २६ इंच म्हणजे ५५९, आणि लेडीज सायकलचे २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. दोन्हींवर २६च लिहिलेले असते आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. दुकानात जाताना हा जोडआकडा लिहून किंवा त्याचा फोटो काढून न्यावा.

रुंदीबाबत, ३२ ते ४० मिलिमीटरच्या टायरला आतून १७ ते २१ मिलिमीटर रुंद असलेली रिम व्यवस्थित जुळते.

आईची जुनी लेडीज सायकल पत्नी चालवते. तिच्या लोखंडी रिंगा बदलून ॲल्युमिनियमच्या घालाव्यात का?

ब्रेक केबलचे आणि रिमच्या बाजूंना दाबणारे असतील, तर अवश्य घालाव्यात. लोखंडी रिंग पावसात भिजली की ब्रेकची रबरे तिच्यावर सरकतात आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या मानाने कितीतरी जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमची रिमही भिजल्यावर थोडी उशिरा पकडते, पण फरक पहिल्याच पावसात जाणवण्याइतका मोठा असतो. या एकाच कारणासाठी केलेला खर्च मला सर्वांत योग्य वाटतो, कारण येथे प्रश्न सोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे. रबरेही त्याच वेळी ॲल्युमिनियमला चालणारी घ्यावीत.

रिम मात्र त्याच मापाची, म्हणजे ५९०चीच हवी. ५५९ची घातल्यास त्रिज्या साडेपंधरा मिलिमीटरने कमी होते आणि ब्रेकची रबरे रिमपर्यंत पोहोचतच नाहीत. सायकलला रॉड ब्रेक असतील तर गोष्ट वेगळी आहे : त्यांची रबरे रिंगच्या बाजूला न लागता आसाकडच्या आतल्या अंगाला ओढली जातात आणि त्यासाठी रिंगचा आकारच वेगळा असतो. तेथे नुसती रिम बदलून काम होत नाही. ब्रेकही बदलावे लागतात आणि खर्चाचा हिशेब बिघडतो. अशा सायकलची रिंग स्वच्छ ठेवून तिला फक्त कोरड्या दिवसांत चालवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

मागच्या चाकाबाबत दुकानदार फ्रीव्हील की कॅसेट असे विचारतो. याचा अर्थ काय?

मागचे दाते दोन प्रकारे बसवलेले असतात. फ्रीव्हीलमध्ये दाते आणि कटकट आवाज करणारी यंत्रणा एकाच तुकड्यात असते आणि तो तुकडा हबवर आट्यांनी फिरवून बसवतात. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्येच असते आणि तिच्यावर नुसते दाते सरकवतात. स्वस्त ७ गीअरच्या हायब्रिडमध्ये बहुधा फ्रीव्हील असते. ९ किंवा त्याहून जास्त गीअर असतील तर बहुतेक वेळा कॅसेट. नवे चाक जुन्यासारखेच घेतले तर जुने दाते, साखळी आणि गीअर तसेच चालू राहतात, आणि माफक खर्चाचे गणित येथेच जमते.

फ्रीव्हीलच्या हबमध्ये एक मूळचा दुबळेपणा आहे. उजवीकडचे छर्रे आत, दात्यांच्या पलीकडे राहतात आणि तेथून फ्रेमपर्यंतचा आस आधाराविना असतो. त्यामुळे जड सामान किंवा खड्डे यांनी तो वाकतो. कॅसेटच्या शिमानो पद्धतीच्या हबमध्ये छर्रे बाहेरच्या टोकाला नेलेले असतात, म्हणून आसाला आधार मिळतो. महिन्यातून तीनदा सपाट रस्त्यावर चालणाऱ्या सायकलला फ्रीव्हील पुरेसे आहे. आस एकदा वाकलेला असेल, तर मात्र कॅसेटच्या हबकडे वळावे. ७ गीअरची कॅसेट ८ ते १० गीअरच्या हबवर साडेचार मिलिमीटरची चकती घालून बसते, त्यामुळे गीअर बदलण्याची गरज पडत नाही.

याच वेळी करता येण्यासारखी एक गोष्ट मी सर्वांना सुचवतो. सायकलला १४ ते २८ दातांचे फ्रीव्हील असेल, तर त्याऐवजी १४ ते ३४ दातांचे घ्यावे. सर्वांत हलका गीअर त्यामुळे सुमारे १८ टक्क्यांनी आणखी हलका होतो, आणि चढावर उतरून सायकल ढकलणारी व्यक्ती बसून चढू लागते. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ दात सांभाळतो का आणि साखळीची लांबी पुरते का, एवढे मिस्त्रीला आधी तपासायला सांगावे. जुने फ्रीव्हील काढून घ्यायचे असेल तर जुन्या चाकाचे स्पोक कापण्यापूर्वीच काढावे. नुसत्या हबवरून ते निघत नाही, कारण जोर लावायला चाकच हवे असते.

हबची रुंदीही पाहावी लागते का?

होय. पुढच्या चिमट्याच्या आतले अंतर बहुतेक हायब्रिडमध्ये १०० मिलिमीटर असते, मागे १३५; रिम ब्रेकच्या रोड सायकलला मागे १३० असते. फ्रेमच्या दोन टोकांमध्ये पट्टी धरून मोजावे. ॲल्युमिनियमची फ्रेम ताणून किंवा दाबून चाक बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. अलीकडच्या काही सायकलींना थ्रू ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा असतो. तेथे मागचे अंतर बहुधा १४२ असते आणि साधे चाक मुळीच चालत नाही.

सायकलला डिस्क ब्रेक आहेत. वेगळे काय पाहावे?

हबला डिस्क बसवण्याची सोय हवी, आणि ती जुन्यासारखीच हवी : एका प्रकारात ६ बोल्ट असतात, दुसऱ्यात मधोमध एकच रिंग आवळली जाते. जुनी डिस्क सरळ असेल तर तीच नव्या चाकावर चढवावी, मात्र तिला तेलकट हात लावू नयेत. चाक बदलल्यावर डिस्क ब्रेकला घासू लागली, तर चाक बिघडले असे समजू नये. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग, मिलिमीटरच्या अंशाने सरकवून घ्यावा लागतो.

पत्नी माझ्यामागे राहते. हलकी चाके घेतली तर तिचा वेग वाढेल का?

नाही, आणि हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चालवणारी ६० किलोची आणि सायकल १४ किलोची धरली तर एकूण ७४ किलो होतात. महागड्या चाकांनी दोन्ही मिळून ४०० ग्रॅम वाचले, तर ते एकूण वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त भरतात. फिरणाऱ्या वजनाचा परिणाम दुप्पट असतो असे सांगितले जाते. ते वेग वाढवताना आणि तेही रिम-टायरच्या कडेच्या वजनापुरतेच खरे आहे. एकसारख्या वेगाने चढ चढताना ४०० ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅमच. १० मिनिटांच्या चढावर त्याने सुमारे ३ सेकंद वाचतील. वारा कापणाऱ्या उंच कडांच्या रिम तर ताशी १५ किलोमीटरच्या वेगात काहीच देत नाहीत, आणि आडव्या वाऱ्यात हँडल मात्र हिसकतात.

मागे राहण्याची कारणे बहुधा वेगळी असतात : टायरमध्ये निम्मी हवा, सीट गुडघा नीट सरळ होणार नाही इतकी खाली, गंजलेली साखळी, ब्रेकला घासणारे चाक. ही चार कारणे दूर करायला एका चाकाइतकाही खर्च येत नाही. त्यानंतरही अंतर राहिले तर पुढे असलेल्याने वेग कमी करावा. ती सहल तिचीही असते, आणि तिला काय हवे आहे हे चाकांची यादी करण्यापूर्वी तिलाच विचारावे. माझ्या पत्नीने विचारल्यावर एवढेच सांगितले होते, की खड्ड्यावरून जाताना हातांना झटके बसू नयेत आणि वाटेत पंक्चर होऊ नये. या दोन्ही मागण्या टायर पूर्ण करतो, चाक नव्हे.

तयार चाक घ्यावे की मिस्त्रीकडून बांधून घ्यावे?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण स्वस्त चाक टिकणार की नाही हे येथेच ठरते.

स्पोक भार पेलतो तो ताणामुळे. चाकाचा जो भाग जमिनीवर येतो तेथील स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो आणि पुढे गेल्यावर पूर्ववत होतो. स्पोक मुळातच ढिले असतील तर प्रत्येक फेरीत ते पूर्ण सैल पडून पुन्हा ताणले जातात, आणि तार वाकवून वाकवून तुटते तसे ते हबजवळच्या वाकणापाशी तुटतात. म्हणजे ते जास्त ताणाने तुटतात ही समजूत बहुतेक वेळा उलटी असते. यंत्रावर बांधलेली स्वस्त तयार चाके दिसायला सरळ असतात, पण त्यांचा ताण पुष्कळदा कमी आणि असमान असतो.

पत्नीच्या सायकलला मी प्रथम असेच एक तयार मागचे चाक आणून बसवले. काही महिन्यांत त्याचे तीन स्पोक तुटले, तिसरा खडकवासल्याहून परतताना, आणि उरलेला रस्ता आम्ही चालत आलो. रिम बदलायला हवी असे मी धरून चाललो होतो. ज्या मिस्त्रीकडे चाक नेले त्यांनी रिम आणि हब दोन्ही तसेच ठेवले, सगळे स्पोक नवे घातले, ताण वाढवून एकसारखा केला, आणि नंतर समांतर स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी घट्ट दाबून घेतल्या. दाबताना स्पोकची वाकणे आपापल्या जागी नीट बसतात आणि धातूत अडकलेला ताण मोकळा होतो. त्यानंतर त्या चाकाचा एकही स्पोक तुटलेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. स्वस्त तयार चाक जरूर घ्यावे, पण बसवण्यापूर्वी चाके बांधणाऱ्या मिस्त्रीकडे देऊन त्याचा ताण नीट करून घ्यावा आणि त्याची मजुरी खर्चात आधीच धरावी. घरी तपासायचे असेल तर एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून पाहावेत. सगळ्यांचा स्वर जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात उजवीकडचा आणि डावीकडचा स्वर वेगळा येतो, कारण दात्यांसाठी जागा ठेवताना उजवे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. तो दोष नव्हे.

फक्त मागचेच चाक बदलले तर चालेल का?

चालेल. दोन्ही चाके जोडीनेच बदलावीत असा कोणताही नियम नाही. रंग किंवा रिमची उंची जुळली नाही, तर ते चालवणाऱ्या व्यक्तीला खटकते का एवढे विचारावे.

माझ्या रोड सायकलची जुनी चाके घरात पडून आहेत. ती पत्नीच्या हायब्रिडला लावता येतील का?

रिम दोन्हींची ६२२चीच असल्याने हा मोह सर्वांना होतो. पण जुन्या रोड चाकांचा मागचा हब बहुधा १३० मिलिमीटरचा असतो आणि हायब्रिडला १३५ हवा. आस बदलून व चकत्या घालून हे जमवता येते, मात्र त्यानंतर चाक पुन्हा मध्यावर आणावे लागते. रिम आतून अरुंद असल्यास ३८ चा टायर तिच्यावर डगमगतो. स्पोक २० किंवा २४च असतील तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती चाके देऊ नयेत. हायब्रिडला डिस्क ब्रेक असेल तर रिम ब्रेकची ही चाके चालतच नाहीत. ३२ स्पोकची जुनी रोड चाके असतील, तेवढीच या खटपटीस योग्य आहेत.

वापरलेली चाके विकत घ्यावीत का?

हातात घेऊन पाहता येत असतील तरच. ब्रेक लागतो त्या बाजूवर पट्टी उभी धरावी. मधे उजेड दिसला तर रिम झिजली आहे. अनेक रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती पुसली गेली असेल तर चाक घेऊ नये. आस बोटांनी हळू फिरवून पाहावा. दाणेदार लागला तर कोन, म्हणजे आसावरचे शंकूच्या आकाराचे भाग ज्यांवर छर्रे फिरतात, खड्ड्यांचे झाले आहेत, आणि तसे कोन मिळतात का हे आधी विचारावे. निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, गंजून घट्ट बसले असतील तर आउट काढता येत नाही. पावसाळ्यात गच्चीवर पडून राहिलेल्या चाकांत हा दोष हमखास सापडतो.

ट्यूबलेस चाके घ्यावीत का?

या वापरासाठी नकोत. ट्यूबऐवजी त्यात पंक्चर बुजवणारा द्रव असतो, तो काही महिन्यांत वाळतो आणि पुन्हा भरावा लागतो, आणि ही सायकल उभीच जास्त असते.

ट्यूब, व्हॉल्व्ह आणि हवा यांबाबत काय ध्यानात ठेवावे?

मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्यावी, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. त्यासाठी रिमचे भोक सुमारे साडेआठ मिलिमीटरचे हवे. बारीक व्हॉल्व्हच्या रिमचे भोक साडेसहाचे असते आणि त्यात जाड व्हॉल्व्ह जात नाही. रिमच्या आतल्या बाजूला निपलवरून पट्टी बसवलेली आहे ना, हे पाहावे. ती नसेल किंवा सरकली असेल तर ट्यूब आतूनच फुटते, आणि दोष रस्त्यावरच्या खिळ्याला दिला जातो.

सुमारे ६० किलोच्या व्यक्तीला ३८ च्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय हवा पुरेशी होते. टायरवर लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये. ट्यूबमधून हवा आपोआप हळूहळू कमी होत असते, त्यामुळे दोन-तीन आठवडे उभी राहिलेली सायकल निघण्यापूर्वी हवा भरूनच न्यावी. दाबमापक असलेला पायपंप घरात असणे ही या सगळ्या यादीतली सर्वांत उपयोगी खरेदी आहे.

क्विक रिलीज बरे की नट?

पार्किंग उघडे असेल तर नट, कारण क्विक रिलीजचे, म्हणजे पान्याशिवाय नुसता दांडा उघडून सुटणारे चाक कोणीही क्षणात काढून नेऊ शकतो. नट असल्यास १५ चा पाना बरोबर ठेवावा.

एकूण खर्च कसा वाटावा?

ती सायकल आज विकली तर जी किंमत येईल, तिच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम चाकांवर घालू नये, असे मी मानतो. त्या रकमेतून आधी दोन चांगले टायर, पंक्चररोधक थर असलेले, बाजूला काढावेत. मग मिस्त्रीची मजुरी. आणि उरेल त्यात रिम व हब. पुष्कळजण हा क्रम उलटा करतात आणि उत्तम रिमवर चिरा गेलेले जुने टायर चढवतात.

चाके बसवल्यावर काय तपासावे?

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाक पुन्हा मिस्त्रीकडे न्यावे, कारण नवे स्पोक बसताना थोडे सैल होतात. अधूनमधून चालणाऱ्या सायकलला हे ५० किलोमीटर भरायला दोन महिने लागू शकतात, म्हणून तारीख लिहून ठेवावी. निघण्यापूर्वी चाक वर उचलून आडवे हलवावे. खटखट आली तर कोन सैल आहेत. क्विक रिलीजचा दांडा मिटताना तळहातावर त्याची खूण उमटेल इतका घट्ट असावा, आणि हे मिटणे पार्किंगमध्ये एकदा जोडीदाराकडूनही करून घ्यावे, म्हणजे एकटीने किंवा एकट्याने सायकल काढताना दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही.